जळाऊ लाकूड, गृहतापनासाठी

जळाऊ लाकूड, गृहतापनासाठी : शीत प्रदेशांत घर उबदार राखण्यासाठी अंगिठीत जाळावयाचे वाळविलेले लाकूड. कुमाऊँ-गढवालात सु. १,५०० ते २,२०० मी. उंचीवरील जंगलांतील बांज (→ ओक) या कामी पसंत केला जातो. घन व जड असल्याने त्याचे लाकूड सावकाश जळून दीर्घकाळ टिकणारा निखारा देते. उलटपक्षी चीड (→ पाइन) राळयुक्त असल्याने चटकन पेटत असला, तरी धूर व काजळी अधिक करीत असल्यामुळे तो मुख्यतः विस्तव पेटविण्यास उपयुक्त ठरतो. ओल्या लाकडात वजनाच्या निम्म्याइतके पाणी असू शकते आणि त्याच्या बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडते. म्हणून ते फोडून, हवेशीर छपराखाली रचून, आर्द्रता २० टक्क्यांखाली येईपर्यंत वाळवितात (→ इंधन). वाळलेल्या लाकडाच्या वापराने इंधन व वन या दोहोंची बचत होते.