कपाटातला हजेरीपट चावडीवर

रोजगार हमीच्या कामाचा सगळा पैसा एका कागदावरून वाटला जातो. तो कागद म्हणजे हजेरीपट. कामावर त्याला सगळे ‘मस्टर’ म्हणतात. त्यावर मजुराचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, मग दिवसांची घरे, भरलेल्या दिवसांची बेरीज, मोजमापाप्रमाणे बसलेला दर, निघालेली रक्कम आणि शेवटी सही किंवा अंगठा. उन्हात खडी फोडणाऱ्या बाईने आठवडाभर काय केले, याचा सरकारदरबारी एवढाच पुरावा. आणि अनेक वर्षे हा पुरावा तिला स्वतःला पाहता येत नव्हता. भारतातल्या माहितीच्या अधिकाराचा इतिहास आणि पुढे सरकारी हिशेब संगणकावर खुले होण्याचा इतिहास, या दोन्हींच्या मुळाशी हा हजेरीपट आहे.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर पसरली; मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी अशी ती कामे. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. ही फार मोठी गोष्ट होती. पण काम मागण्याचा हक्क मिळाला तरी हिशेब मागण्याचा मिळाला नाही. हजेरीपट मुकादमाच्या पिशवीत, तिथून कार्यालयाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे.

बनावट हजेरीपट कसा तयार होई, हे समजून घेतल्याशिवाय पुढची लढाई कळत नाही. कामावर एक कच्ची वही असे. तीत खरी हजेरी. पक्के मस्टर नंतर, बसल्या जागी भरले जाई. त्यात वारलेल्यांची नावे येत, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची येत, पोट भरायला शहरात गेलेल्यांची येत, कधी एकाच माणसाचे नाव एकाच पंधरवड्यात दोन कामांवर येई. खऱ्या मजुराचे दिवस कागदावर वाढत, हातात मात्र कमीच पडत. अंगठा कोणाचाही चाले. कागदावर हे सारे बिनचूक दिसे: बेरीज जुळलेली, सह्या जागच्या जागी. म्हणून कार्यालयात बसून तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकाला त्यात काही सापडत नसे. चूक ओळखू शकणारी माणसे गावात होती आणि कागद तालुक्याला होता.

ही गाठ सुटली ती राजस्थानात. १९६८ साली भारतीय प्रशासन सेवेत दाखल झालेल्या आणि १९७५ मध्ये नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे १९८७ मध्ये देवडूंगरी या लहानशा गावी राहायला आले. १ मे १९९० रोजी तिथल्या मजूर-शेतकऱ्यांनी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. भांडण किमान मजुरीचे होते. दुष्काळी कामांवर पूर्ण मजुरी का मिळत नाही असे विचारले, की अधिकारी सांगत, तुमचे काम मोजमापात बसत नाही, कागद बघा. कागद दाखवा म्हटले, की ते गोपनीय. या दोन उत्तरांच्या मध्ये मजूर अडकला होता. मजुरीची मागणी तिथूनच कागदाच्या मागणीकडे वळली.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना या गावी पहिली जनसुनवाई झाली. त्याआधी कार्यकर्त्यांनी पंचायतीच्या नोंदी मिळवून हाताने उतरवून घेतल्या होत्या आणि घरोघर जाऊन पडताळल्या होत्या. सुनावणीच्या दिवशी मांडवात ध्वनिक्षेपकावरून हजेरीपटातली नावे एकेक करून वाचली गेली: अमुक माणूस, अमुक काम, इतके दिवस, इतकी रक्कम. ज्याचे नाव वाचले तो उठून सांगे, की आपण त्या कामावर गेलोच नव्हतो. पुरे झाल्याचे दाखवून पैसे उचललेली इमारत समोर अर्धवट उभी होती. बाहेरगावाहून बोलावलेली तटस्थ माणसे व्यासपीठावर साक्षीला होती, आणि अधिकाऱ्यांनाही उत्तर द्यायला जागा ठेवलेली होती. लेखापरीक्षणाची ही रीत नवी होती. साक्षर नसलेल्या माणसालाही ती वापरता येत होती, कारण आपण काम केले की नाही हे सांगायला अक्षरओळख लागत नाही. पुढच्या काही महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा, थाना अशा जनसुनवाया होत गेल्या आणि ठिकठिकाणी ग्रामसेवकांनी कागद द्यायला नकार देत काम बंद आंदोलन केले. हजेरीपटात काय दडले होते, ते त्या नकारातूनच उघड झाले.

राजस्थानचे मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी एप्रिल १९९५ मध्ये विधानसभेत पंचायतीचे कागद लोकांना मिळतील असे जाहीर केले, पण आदेश निघेना. म्हणून ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर शहरात धरणे सुरू झाले. ते ४० दिवस चालले. आजूबाजूच्या खेड्यांतून धान्य आले, शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि भाजीवाल्यांनी मदत पाठवली. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथून देशभर गेली. त्याच वर्षी माहितीच्या अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली, आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेने कायद्याचा मसुदा तयार केला. मजुरांच्या मागणीला कायद्याच्या भाषेत बसवण्याच्या कामात अशा रीतीने एका मराठी न्यायाधीशाचा मोठा वाटा आहे.

राज्यांचे कायदे केंद्राच्या आधी आले. तामिळनाडू आणि गोवा यांनी १९९७ मध्ये, राजस्थानने २००० मध्ये कायदे केले. महाराष्ट्राचा पहिला कायदा तोकडा निघाला. तो बदलून २००२ चा कायदा आला आणि अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर २००३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. केंद्राचा माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातल्या अर्ज आणि अपिलांच्या तरतुदींची चर्चा खूप होते. या इतिहासाच्या दृष्टीने कलम ४ अधिक मोलाचे आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपणहून माहिती प्रसिद्ध करावी, असे ते कलम सांगते. अर्ज करणाऱ्याला एकट्याने वैर पत्करावे लागते, आणि माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झाल्याचा, खून झाल्याचा इतिहास महाराष्ट्रालाही आहे. माहिती आधीच सगळ्यांसमोर असली, तर तिच्यासाठी कोणा एकाला पुढे यावे लागत नाही.

त्याच २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यात बंडलापल्ली येथे योजना सुरू झाली, आधी २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. महाराष्ट्राच्या कायद्यात जे नव्हते ते या कायद्यात होते: कलम १७ प्रमाणे ग्रामसभेने कामांचे सामाजिक अंकेक्षण करायचे, आणि योजनेचे सगळे हिशेब लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवायचे. कोटकिरानाच्या मांडवातली पद्धत अकरा वर्षांत देशाच्या कायद्यात आली.

एवढ्या मोठ्या योजनेचे हजेरीपट कागदावर खुले ठेवणे अशक्यच होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्यासाठी संगणकीय प्रणाली बनवली. जॉबकार्ड, कामाची मागणी, हजेरीपट, मजुरी सगळे तिच्यात भरले जाऊ लागले आणि संकेतस्थळावर कोणालाही पासवर्डाशिवाय दिसू लागले. राज्य निवडा, जिल्हा, तालुका, पंचायत, मग काम, मग मस्टरचा क्रमांक. शेवटी पडद्यावर तीच जुनी घरे उघडतात, नाव, दिवस, रक्कम. पुढे छापील ई-मस्टर आले: मजुरांची नावे आधीच छापलेला कागद कामावर न्यायचा आणि त्यावर हजेरी घ्यायची, म्हणजे नंतर नावे घुसवायला जागा कमी. सर्वांत गरीब माणसांसाठीच्या योजनेचा माणशी आणि दिवसागणिक हिशेब इतक्या उघडपणे मांडणारी उदाहरणे जगातही थोडी आहेत, आणि त्याचे श्रेय हिशेब मागणाऱ्या मजुरांना आहे.

या प्रणालीचा सर्वांत चांगला उपयोग आंध्र प्रदेशाने केला. तिथे सरकारनेच सामाजिक अंकेक्षणासाठी वेगळी स्वायत्त संस्था उभी केली. गावातल्या मजूर कुटुंबांतल्या शिकलेल्या मुलामुलींना प्रशिक्षण दिले गेले. ती मुले संगणकातून काढलेल्या याद्या घेऊन घरोघर जात, प्रत्येक कुटुंबाला वाचून दाखवत: तुमच्या नावावर इतके दिवस आणि इतके पैसे दिसतात, मिळाले का? मग प्रत्यक्ष कामाची मोजणी, आणि शेवटी मंडल, म्हणजे तालुक्यासारख्या विभागाच्या पातळीवर सर्वांसमोर सुनावणी. वसुली झाली, कर्मचारी निलंबित झाले. हाताने उतरवलेल्या कागदांवर राजस्थानात एका पंचायतीलाच बराच वेळ लागे. छापील यादीमुळे तेच काम मंडलभर नियमाने करता येऊ लागले. केंद्राने २०११ मध्ये सर्व राज्यांसाठी सामाजिक अंकेक्षणाचे नियम केले, आणि मेघालयाने २०१७ मध्ये इतर योजनांनाही ते लागू करणारा स्वतंत्र कायदा केला. बाकीच्या राज्यांत मात्र अंकेक्षण बहुधा औपचारिकच राहिले. संकेतस्थळ सगळीकडे सारखेच होते. फरक पडला तो याद्या घेऊन दारोदार जाणाऱ्या माणसांमुळे.

संकेतस्थळ मजुराला वाचता येत नाही, हा प्रश्न उरलाच होता. इंग्रजी मथळे, एकात एक दडलेले तक्ते, गावात इंटरनेटचा पत्ता नाही. राजस्थानातल्या काही पंचायतींनी मजुरांची नावे, दिवस आणि मजुरी सरळ भिंतींवर रंगवली. त्या भिंतींपाशी थांबून लोक आपले आणि शेजाऱ्याचे नाव शोधत, आणि वाद तिथेच सुरू होई. या अनुभवातून १३ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थान सरकारचे जन सूचना पोर्टल निघाले. ते बनवताना विभागांचे अधिकारी आणि संघटनांचे कार्यकर्ते एकत्र बसत. कोणता तक्ता गावकऱ्याला उपयोगी आणि कोणता फक्त कार्यालयाला, यावर चर्चा होई. रोजगार हमीबरोबर रेशन, निवृत्तिवेतन, खाणी असे विषय त्यात आले. रेशन दुकानदाराने कोणाच्या नावावर किती धान्य उचलले, हे गावातल्या ई-मित्र या सेवा केंद्रावर पाहता येऊ लागले. कर्नाटकाने त्याच धर्तीवर ‘माहिती कणजा’ हे पोर्टल सुरू केले.

यानंतर मात्र तंत्रज्ञानाची दिशा बदलली. मे २०२१ मध्ये केंद्राने मजुरांची हजेरी मोबाईल अ‍ॅपवर घ्यायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा, वेळ आणि ठिकाण नोंदवलेला मजुरांचा फोटो टाकायचा. ज्या खोऱ्यात मोबाईलला रेंज नाही तिथे हजेरी लागेना. पहाटे येऊन नेमून दिलेली खोदाई दुपारपर्यंत संपवणाऱ्या बायकांना दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबावे लागले. फोटो चढला नाही, तर केलेल्या कामाची मजुरी बुडाली. मजुरांनी २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घ धरणे धरले. आणि चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्याच परिपत्रकाने सांगितले, की अ‍ॅपवर भलतेच फोटो, फोटोचे काढलेले फोटो, नोंदीशी न जुळणारी माणसांची संख्या असे प्रकार होत आहेत. जनसुनवाईत यादी वाचली जात असताना सत्ता हिशेब मागणाऱ्याकडे होती. अ‍ॅपमध्ये मजूर पाहिला जाणारा झाला, आणि तो फोटो पाहून ‘ही माणसे आमच्या गावची नाहीत’ असे म्हणण्याची नेमकी जागा गावाला मिळाली नाही.

पारदर्शकतेच्या व्याख्येतही खाचखळगे आहेत. मजुरी १५ दिवसांत न दिल्यास भरपाई द्यावी लागते, आणि ती प्रणाली आपोआप मोजते. पण मोजणी राज्याने पैशाचा आदेश पाठवण्याशी थांबत होती. त्यानंतर केंद्राकडे होणारा उशीर तीत धरलाच जात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियान खटल्यात मे २०१८ मध्ये हा टप्पाही सरकारचीच जबाबदारी असल्याचे सांगितले. पडद्यावर दिसत नसलेला उशीर मजुराच्या घरी मात्र दिसत होता, आणि बँकेच्या पासबुकांची तारीखवार तुलना करणाऱ्या अभ्यासकांनी तो बाहेर काढला.

सध्याचा वाद नावांचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले आहे. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगी आयुष्यात ढवळाढवळ करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत होती. नव्या शब्दरचनेत ती मर्यादा गेली आणि वैयक्तिक माहिती सरसकट वगळली गेली. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीने याला विरोध केला तो हजेरीपटाच्याच अनुभवावरून. आधार क्रमांक, बँक खाते, आजारपण झाकायलाच हवे. पण हजेरीपट, रेशनची यादी, मतदारयादी या नावांच्याच याद्या आहेत. नुसत्या आकड्यांची बेरीज बनावट मस्टरमध्येही जुळलेली असते. वारलेल्या माणसाची हजेरी फक्त त्याचे नाव ओळखणाऱ्याला सापडते. कायद्यातले कलम ८(२) अजून शाबूत आहे: लोकहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. ते लोकहित अर्जागणिक पटवून द्यायचे काम मात्र आता माहिती मागणाऱ्यावर आले आहे.