अस्सल चवीचा प्रश्न

परदेशी पाहुण्यापुढे 'अस्सल' थाई जेवण वाढले जाते, तेव्हा त्यात अस्सल ते नेमके काय? इतिहासाच्या अंगाने पाहू लागलो की आपली सोपी उत्तरे डळमळतात.

1511 मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथ्थयेच्या दरबारी पोहोचला. जिच्यावाचून आज तोम यमची कल्पना करवत नाही, ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. या सागरी व्यापारानंतरच ती सयामच्या स्वयंपाकघरात आली. अंड्याच्या बलकाचे सोनेरी तंतू, 'फोय थोंग', हा पोर्तुगीज मिठाईचाच अवतार. पाद थाईतल्या शेवया चिनी वळणाच्या. 1939 साली सयामचे 'थायलंड' झाले, त्या काळात पिबुनसोंगक्राम यांच्या राजवटीने राष्ट्रीय अस्मितेसाठी याच पदार्थाचा पुरस्कार केला. पुढे 2024 मध्ये तोम यम कुंग युनेस्कोच्या वारसायादीत दाखल झाले.

म्हणजे पाहुण्यांनी आणलेलेच पाहुण्यांना वाढले जाते. म्हणून ते खोटे ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. गवती चहा, चिंच आणि आंबवलेल्या माशांचा रस यांच्या संगतीत मिरचीचे परकेपण विरून गेले. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेल्या मिरचीचेही तेच झाले. ठेच्याला परका कोण म्हणेल? साहित्यातील देशीपणाची चर्चा करतानाही आपण उगमापाशीच अडखळतो. खरे महत्त्व मुरण्याला असते.

मात्र परक्या जिभेच्या धास्तीने तिखट-आंबट उणे करून वाढणे निराळे. त्यात चवीचा मान राहत नाही, आणि पाहुण्याचाही.