कार्बन पकडणारी वीजकेंद्रे आणि मागणीचा चढउतार

कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी अमाइन द्रावणाची पद्धत मुळात वीजकेंद्रांसाठी शोधलेली नव्हती. अमेरिकेत रॉबर्ट बॉटम्स यांना १९३० मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि नंतरची अनेक दशके ती प्रामुख्याने नैसर्गिक वायू शुद्ध करण्यासाठी वापरली गेली. कोमट द्रावण वायू शोषते. तेच सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की वायू सुटतो आणि द्रावण पुन्हा कामाला येते.

धुराड्यातून वायू पकडण्याचे पहिले मोठे प्रयोग झाले ते हवामानाच्या काळजीपोटी नव्हे, तर विक्रीसाठी. कॅलिफोर्नियातील ट्रोना येथे १९७८ पासून बॉयलरच्या धुरातला वायू सोडा ॲश बनवण्यासाठी वापरात आला. टेक्सासमधील लबक येथे वीजकेंद्राच्या धुरातून काढलेला वायू जुन्या विहिरींतून अधिक तेल मिळवण्यासाठी विकला जाई. १९८०च्या दशकाच्या मध्यास तेलाचे भाव कोसळले आणि तो कारखाना थांबला. मॅसॅच्युसेट्समधील बेलिंगहॅम येथे १९९१ पासून चाललेला प्रकल्प २००५ मध्ये बंद पडला, कारण केंद्राला लागणारा नैसर्गिक वायूच महाग झाला. तिन्ही ठिकाणी रसायनशास्त्र चालले; कारखाना कधी चालणार हे मात्र बाजाराने ठरवले.

वीजकेंद्रात अडचण आणखी खोल होती. द्रावण तापवायला लागणारी वाफ टर्बाइनमधूनच काढून घ्यावी लागते. ती वाफ आणि वायू दाबण्याची यंत्रे मिळून कोळशाच्या संचाची सुमारे पंचमांश ते चतुर्थांश वीज खातात. पण याच तोट्यात एक सोय दडलेली होती. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वाफेचा मार्ग बंद करावा, काही तास कार्बन तसाच जाऊ द्यावा आणि ती वाफ टर्बाइनला द्यावी. किंवा वायूने भरलेले द्रावण टाक्यांत साठवून ठेवावे आणि मागणी उतरल्यावर रात्री तापवावे. दुसऱ्या उपायात कार्बन सुटत नाही. मात्र टाक्या आणि द्रावण यांचा खर्च वाढतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जॉन गिबिन्स व हॅना चामर्स यांनी आणि टेक्सास विद्यापीठात गॅरी रोशेल व स्टुअर्ट कोहेन यांनी २०००नंतरच्या दशकात या कल्पनेचा हिशेब मांडला. वारा आणि सूर्य यांच्यावर चालणारी वीज वाढत जाईल, तेव्हा कोळसा व वायूची केंद्रे चोवीस तास एकाच भाराने चालणार नाहीत, हे त्यांनी वेळीच ओळखले होते.

प्रत्यक्षातली केंद्रे मात्र वेगळ्या वाटेने गेली. कॅनडातील सस्कॅचवानमध्ये बाउंडरी डॅमचा तिसरा संच २०१४ मध्ये कार्बन पकडू लागला. सुरुवातीची काही वर्षे पकडणारी यंत्रणा वारंवार बंद पडत असे, पण टर्बाइन तिच्याविनाही चालेल असे बांधलेले असल्याने वीजनिर्मिती थांबत नसे. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्पाने, जो २०१७ मध्ये सुरू झाला, वाफेसाठी वेगळे गॅस टर्बाइनच उभारले. त्यामुळे मूळ कोळशाच्या संचाची वीज घटली नाही. इथला वायू सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या वाहिनीने वेस्ट रँच तेलक्षेत्रात जाई. मे २०२० मध्ये तेलाच्या घसरलेल्या भावामुळे हा प्रकल्प बंद ठेवला गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. लबकनंतर तीन दशकांहून अधिक काळ उलटला, तरी कार्बन पकडण्याचे वेळापत्रक ग्रिडच्या नव्हे, तेलाच्या हाती होते.

ही गाठ सोडवण्याचा ठळक प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. टीसाइड येथील नैसर्गिक वायूवरच्या ७४२ मेगावॉटच्या वीजकेंद्राचा आर्थिक करार डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. पकडलेला वायू तेल काढण्यासाठी न वापरता उत्तर समुद्राच्या तळाखाली साठवायचा आहे. केंद्राला केवळ विकलेल्या विजेचे नव्हे, तर गरज पडेल तेव्हा तयार असण्याचेही पैसे मिळतील, अशी तरतूद त्यात आहे. वारा जोरात असेल तेव्हा केंद्राने उत्पादन थांबवावे आणि वारा पडला की कार्बन पकडत सुरू व्हावे, हा त्यामागचा हेतू आहे.