डेट्रॉइटची वेस आणि आपली वेस

पिंपरी-चिंचवडला 'भारताचं डेट्रॉइट' म्हणायची आपल्याकडं फार हौस. नेत्यांच्या भाषणात, बिल्डरच्या जाहिरातीत, आमच्या बातम्यांतसुद्धा. म्हणा, हरकत नाही. पण त्या डेट्रॉइटचं पुढं काय झालं, तेही माहीत असू द्या.

हेन्री फोर्डनं १९१० मध्ये हायलँड पार्कला कारखाना सुरू केला. १९१३ मध्ये तिथं सरकत्या पट्ट्यावर गाड्यांची जोडणी सुरू झाली. पुढच्याच वर्षी त्यानं दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, म्हणजे नेहमीच्या जवळपास दुप्पट. माणसांची रीघ लागली. १९५० ला डेट्रॉइटची लोकसंख्या जवळपास साडेअठरा लाख होती.

आता गंमत बघा. हायलँड पार्क डेट्रॉइटमध्ये नव्हतंच! चहूबाजूंनी डेट्रॉइट आणि मधे हे वेगळं गाव, वेगळी नगरपालिका. फोर्डचा पुढचा अवाढव्य कारखाना डिअरबॉर्नला, तोही वेशीबाहेर. आसपासची गावं पोटात घेत वाढलेल्या डेट्रॉइटची हद्द १९२०च्या दशकात जी थांबली, ती थांबलीच. पुढं कारखाने बाहेर गेले, त्यांच्यामागं पैसेवाली, बहुतेक गोरी कुटुंबं गेली. त्यांचा कर गेला. रस्ते, दिवे, शाळा, निवृत्तांची पेन्शन यांचा बोजा मात्र आतच राहिला. गाड्यांच्या धंद्यातली मंदी आणि काळ्या-गोऱ्यांमधली तेढ होतीच. २०१० ला लोकसंख्या सव्वासात लाखांच्याही खाली आली आणि जुलै २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता आपल्याकडं या. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचं आणि चापेकर बंधूंचं गाव. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांचा कॅम्प वसला. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पेनिसिलिन बनवायला. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज. मराठवाडा, खानदेश, सातारा, सांगली, कोकण, सगळीकडून माणसं ट्रंक घेऊन उतरली. महत्त्वाचं हे की कारखान्यांपाठोपाठ कारभारही आला. अण्णासाहेब मगरांच्या पुढाकारानं १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ ला प्राधिकरण, १९८२ ला महापालिका, १९९७ ला आणखी गावं हद्दीत. १९७१ ला लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २०११ ला सतरा लाखांपुढं गेली होती.

हे सगळं पेललं कशानं? जकातीनं. कारखान्यात जाणारा माल नाक्यावर पैसे टाकून जायचा. त्याच जोरावर 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' असं बिरुद मिरवलं (कुणी मोजलं होतं देव जाणे). २०१३ मध्ये जकात गेली, एलबीटी आला, तोही गेला. २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईसाठी राज्य सरकारच्या तोंडाकडं बघायचं. दरम्यान कारखान्यांनी वेस ओलांडलेली होती. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा. आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये बंद झालं. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, मागोमाग महिंद्रा.

चाकण म्हणजे एरवी कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग. तिथं जगातल्या बड्या कंपन्या आल्या, पण पिंपरीसारखा पाठोपाठ कारभार काही आला नाही. कारखान्यांची जमीन एमआयडीसीची, हायवे केंद्राचा, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची आणि कचरा ग्रामपंचायतीचा! चाकणला नगरपरिषद झाली ती गेल्या दशकात. पण कारखाने आणि कामगारांच्या खोल्या म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी अशा गावांत पसरलेल्या. दहा बाय दहाच्या खोलीत तीन-चार पोरं. सकाळी तळेगाव चौकात कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि रिक्षा एकाच जागी अडकलेल्या. खेड तालुक्यातल्याच भामा आसखेडचं पाणी २०२१ पासून पुण्याला जातं.

डेट्रॉइटमध्ये वेशीबाहेर गेलेल्यांनी निदान बाहेर चांगल्या शाळा आणि रस्ते केले. आपल्याकडं वेशीच्या आत जकात नाही आणि बाहेर गटार नाही.

२०२५ च्या ऑगस्टपासून चाकणसाठी वेगळ्या महापालिकेची चर्चा उघडपणे सुरू झाली. माझ्या मते ती पंधरा वर्षं आधीच व्हायला हवी होती. पण विरोध करणाऱ्या गावकऱ्याला अडाणी ठरवू नका. त्यानं प्राधिकरण बघितलंय. जमिनी गेल्या आणि साडेबारा टक्के परताव्यासाठी पुढच्या पिढीनं चपला झिजवल्या. त्यामुळं घरपट्टी किती, आरक्षणं कुणाच्या रानावर आणि कारखान्यांच्या करातला किती पैसा इथल्याच गटाराला, हे आधी कागदावर येऊ द्या. हद्दीचा नकाशा मग काढा.

मोई, निघोजे, कुरुळीकडच्या मंडळींनी खाली लिहा, तुमच्याकडं कचऱ्याची गाडी किती दिवसांनी येते?