एनआयटी प्रवेश: तुमचं 'होम स्टेट' कोणतं, हे कशावरून ठरतं?

वसईजवळच्या चिंचोटीहून मुंबई-अहमदाबाद महामार्ग धरला की सुरत काही तासांवर. नागपूर मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तरीही चिंचोटीत बारावी झालेल्या मुलीसाठी नागपूरची व्हीएनआयटी 'घरची' आणि सुरतची एसव्हीएनआयटी 'परराज्यातली'.

कोटा काय आहे?
देशात ३१ एनआयटी आहेत. महाराष्ट्रात एकच, नागपूरला. साधारणपणे प्रत्येक एनआयटीत ५० टक्के जागा त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना आणि ५० टक्के इतर राज्यांतल्यांना मिळतात. प्रवेश जेईई मेनच्या रँकवर, जोसाच्या फेऱ्यांमधून होतो. फी राज्यानुसार बदलत नाही. आयआयटीत असा राज्यनिहाय कोटा नाही.

राज्य कसं ठरतं?
इथेच अनेकांची गफलत होते. आधार कार्डावरचा पत्ता, डोमिसाईल किंवा जन्मस्थान यांवर ते ठरत नाही. बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झालात, ते तुमचं राज्य. बोर्ड राज्याचं की सीबीएसई, यानेही फरक पडत नाही. गुण वाढवायला पुन्हा परीक्षा दिली, तरी पहिल्यांदा जिथून पास झालात तेच राज्य धरतात. परदेशात बारावी झालेल्या भारतीयांसाठी पासपोर्टवरचा भारतातला कायमचा पत्ता पाहतात.

कोटाला गेलं तर?
क्लास कुठे लावला याला महत्त्व नाही. बारावी कोणत्या राज्यातल्या शाळेतून दिली, याला आहे. ती राजस्थानातून दिली, तर जयपूरची एमएनआयटी 'घरची' होते आणि नागपूरला तुम्ही बाहेरचे ठरता. डोमिसाईल दाखवून हे बदलता येत नाही. म्हणजे हा निर्णय जेईईच्या वेळी नव्हे, अकरावीचा प्रवेश घेतानाच होतो.

मेडिकलचाही विचार असेल, तर आणखी जपून. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी काही अपवाद वगळता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय डोमिसाईलही.

कटऑफ कसा पाहायचा?
जोसाच्या यादीत एकाच शाखेचे दोन कटऑफ असतात: 'होम स्टेट' आणि 'अदर स्टेट'. महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांनी नागपूरसाठी पहिला पाहायचा, सुरतसह बाकी एनआयटींसाठी दुसरा. चुकीची ओळ वाचली, तर मिळण्यासारखी जागाही पसंतीक्रमातून सुटते.