जीपचे नाक आणि मुळशीचे पाणी

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी पौड ओलांडून ताम्हिणीकडे निघालात, तर काही गाड्यांच्या काचेशेजारून टपापर्यंत चढलेली एक काळी नळी दिसेल. तिला स्नॉर्कल म्हणतात. ती बसवली की गाडीला पाण्याचे भय उरत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. ज्या महायुद्धात अशी साधने रूढ झाली, त्यातील सैनिकांचा मात्र असा समज नव्हता. आजचा धागा त्याविषयी.

हा शब्द आला जर्मन पाणबुड्यांतून. मूळच्या बोलीत त्याचा अर्थ ‘नाक’. कल्पना मात्र डच नौदलाची. १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड जिंकले तेव्हा ती जर्मनांच्या हाती लागली. पाणबुडी पाण्याखाली राहील, पण तिच्या डिझेल इंजिनाला वरची हवा मिळेल, इतकेच त्या नळीचे काम.

जमिनीवरच्या वाहनांपुढेही हाच प्रश्न होता. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधील दिएप बंदरावर उतरलेल्या चर्चिल रणगाड्यांच्या पाठीवर हवेसाठी आणि धुरासाठी उंच नळकांडी होती. तो हल्ला फसला. पण किनाऱ्यावर उतरायचे तर प्रत्येक वाहनाला पाण्यातून चालता आले पाहिजे, हे दोस्त राष्ट्रांनी मनावर घेतले.

६ जून १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीसाठी जीप कशी सज्ज केली जाई, ते पाहण्यासारखे आहे. डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, प्लग आणि वायरींचे सांधे यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले चिकट ग्रीस हातांनी थापले जाई. तेल भरण्याचे तोंड, डिपस्टिकचे भोक, जिथे जिथे इंजिन बाहेरच्या हवेशी बोलते ती प्रत्येक जागा बुजवायची किंवा नळीने वर न्यायची. हे काम टप्प्याटप्प्याने चाले. अखेरचा टप्पा जहाजावर चढण्याच्या सुमारास उरके, कारण पूर्ण बंद केलेले इंजिन फार काळ चालवता येत नाही, ते तापते. म्हणूनच किनारा गाठल्यावर तो सारा लेप लवकरात लवकर खरवडून काढण्याचा हुकूम असे.

एवढा खटाटोप का, हे समजून घेण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले की वर येणारा पिस्टन जणू भिंतीवर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल हा एकच धोका टाळते. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. त्यासाठी त्याच्या ब्रीदरची नळी उंच न्यावी लागते. पुढे फिरणारा पंखा इंजिनावर पाणी उडवतो, त्याचा वेगळा बंदोबस्त. माझ्या मते या यादीत नळीचा क्रमांक बराच खाली लागतो. ती नजरेत भरते इतकेच.

आणि सगळे नीट करूनही पाणी ऐकेलच असे नाही. त्याच सकाळी ओमाहा किनाऱ्यासमोर, सुमारे पाच किलोमीटर आत, कॅनव्हासचे पडदे लावलेले २९ तरंगते शर्मन रणगाडे समुद्रात सोडले गेले. त्यांपैकी २७ बुडाले. पडदे शांत पाण्याच्या हिशेबाने बनवले होते. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता.

आपल्या मातीशी जोडलेला एक प्रसंग इटलीतला आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून स्वतः उचलून सुरक्षित जागी घेऊन आले. अहमदनगर जिल्ह्यातल्या या जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथे पाण्यात आधी माणसेच उतरली होती.

युद्धानंतर १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि हे वाहन आपल्या घाटवाटांवर आले. लेपाची जुनी अडचण १९७१ मध्ये पुन्हा भेटली, ती वेगळ्या रूपात. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात मेघनेसारख्या रुंद नद्यांमध्ये आपले पीटी-७६ हे पोहणारे रणगाडे तापू लागले आणि काहींना स्थानिक नावांनी ओढून न्यावे लागले.

आता पुन्हा मुळशी. नव्या थारसाठी कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याहून थोडे वर. टपापर्यंत नळी नेल्याने हा आकडा टपापर्यंत जात नाही. दारे बंद असलेली हलकी गाडी पाण्यात उचलली जाते, टायरांची पकड सुटते, आणि मग इंजिन चालू आहे की बंद याला फारसा अर्थ राहत नाही. उतरण्यापूर्वी काठी घेऊन पायी चालत तळ तपासावा, हा सल्ला जुना असला तरी त्याला पर्याय सापडलेला नाही. आणि जे पाणी पायी ओलांडण्याचे धाडस होत नाही, त्यात गाडीही घालू नये.

शिवाय इथले पाणी केवळ पावसाचे नाही. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा जमिनी जाणार म्हणून मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा हरला, शेते आणि गावे पाण्याखाली गेली. त्या जलाशयाचे पाणी आजही सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे पश्चिमेला उतरते. पण जलाशय भरला की जादा पाणी पूर्वेला मुळेच्या पात्रात सोडावे लागते. त्यामुळे धरणाखालच्या पात्रात सकाळी गुडघाभर असलेला उतार तिथे थेंबही न पडता दुपारी छातीभर होऊ शकतो. काठच्या गावांना विसर्गाचा इशारा दिला जातो. सहलीला आलेल्या जीपवाल्याच्या कानावर तो बहुधा पडलेला नसतो.