कोशिकापटल : संकल्पनेचा विकास

कोशिकेच्या (पेशीच्या) सीमेवरील पातळ पापुद्र्यास कोशिकापटल म्हणतात. त्याची जाडी सु. ७ ते ८ नॅनोमीटर असून प्रकाश सूक्ष्मदर्शकातून ती दिसू शकत नाही. साहजिकच पटलाची घडण प्रथम केवळ अनुमानाने ठरवावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ई. ओव्हर्टन यांनी शेकडो पदार्थांची जिवंत कोशिकांवर परीक्षा केली. वसेत विरघळणारे पदार्थ आत त्वरेने शिरतात असे आढळल्याने पटल लेसिथिन, कोलेस्टेरॉल यांसारख्या लिपिडांचे (वसासदृश पदार्थांचे) असावे, असे त्यांनी सुचविले.

लायडन येथे १९२५ साली ई. गॉर्टर व एफ्. ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या कोशिकांतील लिपिडे ॲसिटोनाने वेगळी करून पाण्यावर त्यांचा एकच रेणू जाडीचा थर पसरला. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या कोशिकेत केंद्रक वा अंतर्गत पटले नसल्याने ही निवड अत्यंत समर्पक होती. थराचे क्षेत्रफळ कोशिकांच्या पृष्ठाच्या दुप्पट भरले. म्हणजे पटल दुहेरी थराचे ठरले. वस्तुतः ॲसिटोनाने सर्व लिपिडे निघत नाहीत आणि वाळलेल्या कोशिकांवरून त्यांनी काढलेले पृष्ठफळही कमीच होते. या दोन चुकांनी एकमेकींची भरपाई केली व निष्कर्ष खरा निघाला. असे दैव संशोधकांना क्वचितच लाभते. फॉस्फोलिपिड रेणूचे शीर्ष जलस्नेही व वसाम्लांच्या शृंखला जलविरोधी असतात. शीर्षे पाण्याकडे आणि शृंखला आत वळल्याने हा थर आपोआप जुळतो व टिकतो.

प्रथिनांचे स्थान मात्र दीर्घकाळ चुकीचे मानले गेले. जे. एफ्. डॅन्येली व एच्. डॅव्हसन यांनी १९३५ मध्ये लिपिड थराच्या दोन्ही बाजूंस प्रथिनांचा लेप कल्पिला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसलेल्या दोन गडद रेषांमुळे १९५९ च्या सुमारास या कल्पनेस बळच मिळाले. पण मायेलिनात प्रथिने वजनाने सु. एक-पंचमांश, तर कलकणूंच्या आतील पटलात सु. तीन-चतुर्थांश असतात, एकसारख्या लेपाने या फरकाचा उलगडा होत नाही. एल्. डी. फ्राय व एम्. एडिडिन यांनी १९७० मध्ये माणसाची व उंदराची कोशिका एकत्र सांधली, तेव्हा अनुस्फुरक प्रतिपिंडांनी चिन्हित केलेली दोहोंची पृष्ठीय प्रथिने सु. ४० मिनिटांत परस्परांत मिसळली. पटल द्रवासारखे वाहते, हे यावरून दिसले. एस्. जे. सिंगर व जी. एल्. निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या ‘तरल कुट्टिम’ प्रतिकृतीत म्हणूनच प्रथिने लिपिड थरात रुतलेली दाखविली आहेत. आर्. हेंडरसन व पी. एन्. टी. अन्विन यांना १९७५ मध्ये एका सूक्ष्मजंतूच्या जांभळ्या पटलातील प्रथिनाची सात सर्पिले पटलाच्या आरपार गेलेली आढळली.

पाणी वसेत फारसे विरघळत नसूनही काही कोशिकांत अतिशय वेगाने शिरते, हे कोडे पुढे पी. ॲग्री यांनी सोडविले. पाण्याचे रेणू एकेक करून वाहून नेणाऱ्या मार्गिकेचे प्रथिन त्यांनी तांबड्या कोशिकांतच ओळखले (१९९२) व त्यासाठी २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.